डेस्कटॉपची रॅम कुठून घेतलीत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

मंडळी, मी इंदिरानगरला घरून कर सल्लागाराचं काम करते. डेस्कटॉप २०१७ मध्ये असेंबल करून घेतलेला, रॅम ४ जीबी. टॅली, दोन एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की माउसचा बाण जागीच थिजतो. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने "मॅडम, नवीनच घ्या" म्हणून हात झटकले. मी कॅबिनेटचं झाकण उघडून पाहिलं तर दोनपैकी एक स्लॉट रिकामा! म्हणजे नुसती रॅम वाढवून भागेल.

मग रात्री अकरा वाजता ऑनलाइन मागवली. ८ जीबी, डीडीआर४ (ही रॅमची पिढी), चार तारे, सगळं बरोबर. डबा उघडला तर रॅमची कांडी हाताच्या बोटाएवढी. लॅपटॉपची निघाली. नावात 'एसओ-डिम' लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. परत केली, पैसे पाचव्या दिवशी आले, पण आत्मविश्वास गेला तो गेलाच. आता तुम्ही कुठून घेतलीत, काय फसलं, काय जमलं, ते लिहा. 'अमुक ब्रँड भारी' एवढंच नको, नीट हकिगत सांगा.

फ्लेक्सवाला, सातपूर

आमचं बॅनरचं काम. कोरलड्रॉमध्ये वीस फुटी फाइल उघडली की मशीन आचके द्यायचं. मी अख्खं कॅबिनेट ॲक्टिवाच्या पायाशी ठेवून एमजी रोडला नेलं. दुकानदार म्हणाला, "बरं केलंत आणलंत, फोटोवरून मी रॅम विकत नाही." त्याने १६ जीबीची कांडी लावली, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू केली आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तर स्क्रीनवर लाल ओळींचा सडा. नवी कोरी, सीलबंद कांडी, तरी खराब! त्याने काही न बोलता दुसरी फोडली, ती तासभर चालवली, एकही लाल ओळ नाही, मग पैसे घेतले. ऑनलाइनपेक्षा तीनशे जास्त गेले असतील. हीच पहिली कांडी घरपोच आली असती तर मी महिनाभर विंडोजला शिव्या घालत बसलो असतो.

जुनंतेसोनं

माझा मदरबोर्ड जुना, एच-६१, म्हणजे रॅम आधीच्या पिढीची, डीडीआर३. दुकानात विचारलं की लोक आपल्याकडे पुराणवस्तू संग्रहालयातून आल्यासारखं बघतात. म्हणून ऑनलाइन शोधली, तर ८ जीबी निम्म्या भावात. लावली. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. काढली, पुन्हा लावली, स्लॉट बदलला, तरी काळीच. दोन दिवसांनी वर्णनातली सगळ्यात खालची ओळ वाचली: फक्त एएमडीसाठी. या स्वस्त कांड्यांवरच्या चिपांची रचना वेगळी असते, माझ्यासारख्या इंटेलच्या बोर्डाला ती कळतच नाही. तशीच दुसरी खोड सर्व्हर रॅमची. 'ईसीसी रजिस्टर्ड' असं लिहिलेली कांडी स्वस्त दिसते, खाचही जुळते, पण घरगुती बोर्डावर चालू होत नाही.

शेवटी नाशिकरोडला एक कॉम्प्युटर क्लास बंद होत होता, तिथून चार जुन्या कांड्या घेतल्या. त्यातली एक मेली होती. बाकीच्या तीन चांगल्या निघाल्या. डीडीआर३ असेल तर नव्याचा हट्ट कशाला धरायचा? मात्र जुना माल चालू मशीनवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक शंका

घेण्याआधी पाच रुपयांचं खोडरबर घ्या. कांडीचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसा, परत खटका वाजेपर्यंत बसवा. माझा 'रॅम गेली' हा आजार एवढ्यात बरा झाला. (वीज बंद करून, हे सांगायला नको. पण सांगतो.)

पंचवटीचा पासधारक

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची, हौस मीही भागवली आहे. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून वेस्टर्नची लोकल, ग्रँट रोडला उतरून पायी. दोन तास घासाघीस करून दोन कांड्यांमागे सहाशे रुपये वाचवले. जेवण, लोकल आणि उसाचा रस धरून चारशे गेले. बायको म्हणाली, दोनशे रुपयांसाठी एक सुट्टी घातलीत.

खरी गंमत आठव्या महिन्यात. एक कांडी गेली, निळी स्क्रीन यायला लागली. पाकिटावर लाइफटाइम वॉरंटी छापलेली, पण माझ्याकडे होती ती वहीतून फाडलेली चिठ्ठी. पक्कं बिल घेतलं असतं तर १८ टक्के वर लागले असते म्हणून मीच नको म्हणालो होतो! दुकानात फोन केला, "घेऊन या, बघू." म्हणजे पुन्हा पंचवटी. गेलो नाही. ती कांडी अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

अंबडचा कॅडवाला

आमच्या युनिटमध्ये डिझाइनच्या मशीनला चार स्लॉट. मुलाने दोन कांड्या शेजारी शेजारी खोचल्या होत्या, दिसायला छान. बोर्डाच्या पुस्तिकेत प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा सांगितला होता. तसं केल्यावर दोन्ही चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधले रस्ते) चालू झाले आणि स्क्रीनवर मोठं डिझाइन फिरवताना फरक हाताला जाणवला. दुसरं म्हणजे, जुनी कांडी २४०० वेगाची असेल आणि नवी ३२०० ची लावली तर दोन्ही जुनीच्या वेगाने चालतात. त्यामुळे दुकानदाराने "३२०० घ्या, रॉकेट होईल" म्हटलं तरी हुरळू नका. चालेल ती, नुकसान काही नाही.

मॅडम, दुकानात जाण्याआधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती स्लॉट भरलेत, वेग किती, सगळं तिथे दिसतं. सीपीयू-झेड नावाचा प्रोग्राम टाकलात तर कांडीची कंपनीसुद्धा कळते. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर घाला म्हणजे इनपुट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल. आता हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे...

देवळालीची आजी

मी ८ जीबी केली तरी कॉम्प्युटर सव्वातीनच दाखवायचा. दुकानदाराशी भांडून आले. नातू आला, म्हणाला, आजी, तुझं विंडोज ३२ बिटचं आहे, त्याला चारच्या पुढे मोजता येत नाही. दुकानदाराकडे परत जाऊन सॉरी म्हटलं. त्याने खुर्ची दिली.

थांबलेला

सगळे 'कुठून' लिहिताहेत, मी 'कधी' लिहितो. २०२३ मध्ये ८ जीबी डीडीआर४ दीड हजाराच्या आसपास मिळत होती. मी म्हटलं, दिवाळी सेलमध्ये घेऊ. मग पुढच्या दिवाळीत. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव दुपटीच्या वर गेले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, त्यांनीच तोंड तिकडे वळवल्यावर आपल्या दुकानदाराने काय करावं? डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. आता एमजी रोडला व्हॉट्सॲपवर भाव विचारला की उत्तर येतं, "आजचा भाव, संध्याकाळपर्यंत." कांद्याचा भाव विचारल्यासारखं वाटतं. जुनी कांडी खिशात घेऊन एका दुपारी तीन दुकानं फिरा, निदान भावाचा अंदाज येतो.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, माफ करा. शनिवारी कॅबिनेट रिक्षात घालून एमजी रोडला गेले. सातपूरच्या दादांचं ऐकून आधीच विचारलं, "लावून, टेस्ट करून देणार का?" पहिल्या दुकानात "सील फोडलं की माल तुमचा" असं उत्तर आलं. दुसऱ्याने टेबलावर जागा केली.

झाकण उघडलं आणि दोघंही बघत राहिलो. मी ज्याला रिकामा स्लॉट समजत होते त्याच्या अर्ध्या भागात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. वाळलेलं, करड्या रंगाचं, बारीक नळीसारखं. मागच्या जाळीतून आत गेली असणार. मी घरी टॉर्च न लावता पाहिलं होतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, तुम्ही ऑनलाइनची कांडी दाबून बसवली असती तर पिना गेल्या असत्या." त्याने जुना टूथब्रश आणि ब्लोअर घेऊन वीस मिनिटं ती माती काढली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

जुनी ४ तशीच ठेवून शेजारी ८ ची लावली. भाव 'थांबलेला' यांनी सांगितला तसाच, कळ आलीच. मेमटेस्ट होईपर्यंत समोर बसून मिसळ खाल्ली. टास्क मॅनेजरमध्ये आता १२ दिसतात, वेग २४०० चाच, अंबडकर म्हणाले तसं.

बिल पक्कं घेतलं. जीएसटी नंबर घालायला मात्र विसरले. रिक्षात बसल्यावर आठवलं, परत उतरले, पोराने हसत हसत दुसरं बिल काढून दिलं.