निम्मी टीम ऑफिसात, निम्मी गावी: दिवस कसे ठरवावेत?

मुठाकाठ

खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चौदा जणांच्या टीमचे काम पाहतो. आरोग्य विम्याचे दावे ज्या प्रणालीतून मंजूर होतात, तिची देखभाल आणि तीत वेळोवेळी करावे लागणारे बदल हे आमचे काम आहे. टीममधले सहा जण पुण्यात राहतात आणि सोयीप्रमाणे ऑफिसात येतात; बाकीचे कोल्हापूर, सांगली, नाशिक आणि अमरावती येथून घरूनच काम करतात. २०२० च्या टाळेबंदीत काही जण गावी गेले ते तिथेच स्थिरावले, आणि पुढची भरतीही कंपनीने त्याच धोरणाने केली. त्यामुळे ही विभागणी आता तात्पुरती राहिलेली नाही.

कामाच्या वेगाबद्दल किंवा दर्जाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एकमेकांबद्दल. गावाकडून काम करणाऱ्यांचे म्हणणे असे, की निर्णय ऑफिसात परस्पर होतात आणि आम्हाला ते थेट अंमलबजावणीच्या वेळी कळतात. ऑफिसात येणाऱ्यांचे म्हणणे असे, की क्लायंटची माणसे आली किंवा एखादे तातडीचे काम निघाले, की समोर दिसतो म्हणून ते आमच्याच गळ्यात पडते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आता व्यवस्थापनाने पुण्यातल्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस हजेरी सक्तीची केली असून कोणते तीन हे ठरवणे माझ्यावर सोडले आहे. बाहेरगावच्यांना ‘अधूनमधून’ बोलवावे असे सुचवले आहे, आणि त्यांच्या लॅपटॉपवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रस्तावही चर्चेत आहे.

अशी टीम सांभाळणाऱ्यांनी दिवस कसे ठरवले, आणि अप्रेझलच्या वेळी बाहेरगावची माणसे मागे पडू नयेत यासाठी काय केले, हे जाणून घ्यायचे आहे.

निर्मोही

दिवसांपासून सुरुवात केलीत तर चर्चा दिवसांवरच अडकून बसेल. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच दिसते: निर्णय आणि कामाचे वाटप हे दोन्ही ‘कोण समोर आहे’ यावर चालले आहे. तीन दिवसांचे चार केलेत तरी सांगलीच्या माणसाच्या दृष्टीने त्यात काहीच बदलणार नाही. उलट ऑफिसात जितकी गर्दी वाढेल तितके परस्पर ठरणारे निर्णयही वाढतील.

तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. एका दाव्याला हॉस्पिटलचे तेच बिल दोनदा जोडले गेले, तर दुसरे आपोआप नाकारायचे की तपासनिसाकडे पाठवायचे, हा प्रश्न जेवणानंतर टपरीवर चहा घेताना निघतो, पाच मिनिटांत सुटतो आणि दोघे जागेवर येऊन त्याप्रमाणे कोड लिहायला घेतात. अमरावतीचा टेस्टर मात्र जुन्या नियमाप्रमाणे चाचण्या लिहीत राहतो, आणि रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती वापरात येण्याच्या, आदल्या संध्याकाळी चूक कोणाची यावर कॉल सुरू होतो. टपरीवर बोलू नका असे सांगणे हास्यास्पद आहे. तिथे जे ठरले ते त्या कामाच्या तिकिटाखाली, म्हणजे ऑनलाइन नोंदीखाली, लिहिल्याशिवाय ठरले असे मानायचे नाही, एवढाच नियम पुरतो. काय ठरले, कोणता पर्याय सोडला व का सोडला, करणार कोण, आणि कोणाला हरकत असल्यास ती कधीपर्यंत नोंदवावी, इतकेच लिहायचे. त्यातही सोडलेला पर्याय लिहिणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ‘हे का नाही केले?’ हा प्रश्न सहा महिन्यांनी हमखास येतो आणि तोवर टपरीवरच्या दोघांपैकी एकाने नोकरी बदललेली असते.

तातडीच्या कामांसाठी पाळी लावा. त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याच्याकडेच काम जाईल, मग तो नाशिकला असो की तुमच्या शेजारच्या खुर्चीत. क्लायंटला हे पटायला थोडा वेळ लागतो.

आता अप्रेझल. चीनमधल्या ट्रिप.कॉम या प्रवास-आरक्षण कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिलेल्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले, आणि कामगिरीत किंवा बढत्यांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष तुमच्या पुण्यातल्या सहा जणांना लागू पडेल. गावाकडच्यांसाठी मात्र त्याच कंपनीतला आधीचा प्रयोग पाहावा, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात कॉल सेंटरमधली माणसे आठवड्यातले चार दिवस घरून काम करत होती. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण त्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. समोर नसलेल्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे यावरून दिसते.

दिवसांबद्दल विचाराल तर मंगळवार आणि बुधवार सर्वांसाठी सामाईक ठेवा आणि तिसरा दिवस ज्याचा त्याला निवडू द्या. पुण्यात गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज आणि कधी कधी पाणीही बंद असते, त्यामुळे बरेच जण त्या दिवशी सांगावे न लागताच ऑफिसात येतील.

पंचगंगा

मी कोल्हापुरातून अशाच एका टीममध्ये काम करते, म्हणून पलीकडची बाजू मांडते.

‘अधूनमधून बोलवावे’ हा शब्दप्रयोग कृपया धोरणातून काढून टाका. आदल्या आठवड्यात निरोप येतो, रात्रीच्या बसचे तिकीट मिळेल ते घ्यावे लागते, मुलांची आणि सासूबाईंच्या औषधपाण्याची व्यवस्था लावावी लागते, आणि एवढे करून पुण्यात पोचल्यावर दिवसभर कानाला हेडफोन लावून तेच कॉल करायचे, जे घरून होत होते. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याशी जेवणापुरते बोलणे होते. तिमाहीतून एकदाच बोलवा, पण सलग दोन-तीन दिवस बोलवा, तारखा महिनाभर आधी कळवा, राहण्याचा व प्रवासाचा खर्च कंपनीने करावा, आणि त्या दिवसांत नेहमीचे कॉल रद्द करा. पुढच्या तिमाहीचे नियोजन, जुने साचलेले वाद, नव्या माणसाची ओळख, अशी कामे त्या दिवसांसाठी राखून ठेवता येतात.

लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल एवढेच सांगते, की ते बसले की माणसे कामापेक्षा पडद्यावरचा ‘ऑनलाइन’ दाखवणारा हिरवा ठिपका सांभाळू लागतात. माऊस आपोआप हलवणारी उपकरणे बाजारात सहज मिळतात, आणि ती घेणारे सगळे कामचुकार नसतात. कागदावर आकृती काढून विचार करणाऱ्यालाही ती घ्यावीशी वाटतात.

मिश्र मीटिंगबद्दल निर्मोही यांनी लिहिले नाही, म्हणून त्यात भर घालते. पाच जण कॉन्फरन्स रूममध्ये एका मायक्रोफोनभोवती आणि बाकीचे पडद्यावर, या रचनेत आम्हाला खुर्च्यांचे आवाज स्पष्ट येतात आणि माणसांचे अर्धवट येतात. फळ्यावर काय लिहिले आहे ते तर कधीच दिसत नाही. एक जण जरी बाहेर असेल तरी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून सामील व्हावे, आणि एका खोलीत असाल तर आवाज घुमू नये म्हणून एकाचाच मायक्रोफोन चालू ठेवावा. फळ्याऐवजी सर्वांना दिसणारी फाइल वापरावी. सूत्रसंचालन आळीपाळीने बाहेरच्या माणसाकडे द्यावे. पडद्यावरचा माणूस मीटिंग चालवत असला, की खोलीतले लोक आपसांत बोलायचे आपोआप थांबतात.

नियमावली

मनुष्यबळ विभागात काम करत असल्यामुळे दोन-तीन गोष्टी लक्षात आणून देतो.

तुमचे ऑफिस खराडीत सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असेल, तर दिवस ठरवण्याआधी प्रशासन विभागाशी बोला. सेझसाठी घरून काम करण्याचा नियम ४३अ जुलै २०२२ मध्ये आला, तेव्हा ५० टक्क्यांपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना मुभा होती. डिसेंबर २०२२ मध्ये ती मर्यादा शिथिल झाली. संकुलाबाहेर नेलेल्या लॅपटॉपच्या नोंदी नीट ठेवाव्या लागतात, आणि घाईघाईने माणसे इकडची तिकडे केली की नेमक्या त्याच नोंदी राहून जातात.

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या सहकारी असतील, तर परस्परसंमतीने घरून काम देण्याची तरतूद लक्षात घ्या; ती २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तीन दिवसांची सक्ती लागू करताना हा मुद्दा बऱ्याच परिपत्रकांत सुटलेला दिसतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत राहते घर येते. त्यामुळे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची माहिती ऑफिसातल्या फलकावर लावून भागत नाही, ती बाहेरगावच्या प्रत्येकापर्यंत पोचली पाहिजे.

अप्रेझलसाठी आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. मॅनेजरने आधी प्रत्येकाच्या कामाचे ठळक पुरावे लिहायचे, मग रेटिंग द्यायचे. उलट क्रम चालत नाही. सर्व रेटिंग आल्यावर ऑफिसातले आणि घरून काम करणारे असे दोन गट पाडून सरासरी ताडून पाहतो. मोठी तफावत दिसली, तर मॅनेजरला त्याचे कारण द्यावे लागते. कारणे खरीही असू शकतात, त्यामुळे आकडे जुळवण्यासाठी रेटिंग बदलायला आम्ही सांगत नाही.

इझारकाठ

म्युनिकमध्ये काम करतो. जर्मनीत घरून काम करण्याचा सरसकट कायदेशीर हक्क नाही, पण २०२१ पासून मोबाईल कामाची, म्हणजे ऑफिसाबाहेरून करायच्या कामाची, रचना कशी असावी यात कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या कर्मचारी परिषदेला सहनिर्णयाचा अधिकार आहे. त्यामुळे जिथे अशी परिषद आहे तिथे या वाटाघाटी मुळात मॅनेजरच्या एकट्याच्या नसतात. तुमच्याकडे तशी संस्था नसली, तरी सामाईक दिवस कोणते हे टीमलाच ठरवू द्यायला काय हरकत आहे?

निर्मोही यांच्याशी एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. सगळे लिहून ठेवल्याने अनुभवी माणसांचे भागते. पहिलीच नोकरी असलेल्याचे भागत नाही. तो लिहिलेले वाचतो, पण कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हेच त्याला कळत नाही, आणि ते शेजारी बसून पाहिल्याशिवाय येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ६१,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या संवादाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सर्वांनीच दूरस्थ काम सुरू केल्यावर वेगवेगळ्या गटांमधले दुवे कमी झाल्याचे त्यात दिसले. नव्या माणसाजवळ तर असे दुवे मुळातच नसतात.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. तिकिटाखाली निर्णय लिहिणे आणि तातडीच्या कामाची पाळी या दोन गोष्टी येत्या सोमवारपासून सुरू करतो. सामाईक दिवस टीमसमोर ठेवीन. मंगळवार-बुधवारच ठरतील असा अंदाज आहे. सॉफ्टवेअरच्या प्रस्तावावर पंचगंगा यांचा मुद्दा जवळपास तसाच वर पाठवणार आहे.

एक शंका राहते. पुढच्या महिन्यात दोन नवे पदवीधर रुजू होत आहेत, त्यांपैकी एक सांगलीची आहे. तिला सुरुवातीला पुण्यात राहायला सांगावे का?

पंचगंगा

सांगावे, पण मुदत नियुक्तिपत्रातच लिहून द्यावी आणि तेवढ्या काळाचा राहण्याचा खर्च कंपनीने उचलावा. नाहीतर ‘सुरुवातीला’ म्हणजे किती, हे तिने कोणाला विचारायचे? शिवाय त्या काळात तिला शिकवणारी व्यक्ती रोज ऑफिसात असेल याची खात्री करून घ्या. ती येरवड्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणार आणि तिला शिकवणारा नाशिकहून कॉलवर, अशी व्यवस्था मी पाहिलेली आहे.