अनुभव धागा : पेरी मेसन खटला हरतो तो भाग

पेरी मेसन हरत नाही, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांच्यासाठी हा धागा. १९५७ ते १९६६ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर या मालिकेचे २७१ भाग झाले. जवळजवळ प्रत्येकात लॉस एंजेलिसचा हा वकील अशिलाला सोडवतो आणि खऱ्या खुन्याला भर कोर्टात बोलतं करतो. याला सगळ्यात गाजलेला अपवाद म्हणजे १७ ऑक्टोबर १९६३चा 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट'. इतर भाग जिथे संपतात तिथे हा सुरू होतो. ज्यूरी दोषी ठरवते, जॅनिस बार्टनला गॅस चेंबरची शिक्षा होते, आणि मग मेसनची खरी धावाधाव.

मी मालिकेपर्यंत कादंबऱ्यांच्या वाटेने आलो. वडील दादर स्टेशनच्या स्टॉलवरून मेसनचा लेखक अर्ल स्टॅनली गार्डनर याची पॉकेटबुकं आणायचे. त्यातल्या एकाची शेवटची सहा पानं आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी फाडली होती. त्या गोष्टीतला खुनी मला आजही माहीत नाही. पुस्तकाचं नाव सांगत नाही, नाहीतर कुणीतरी सांगून टाकेल.

तुम्ही हा भाग कधी, कुणाबरोबर पाहिलात? लिहा. खुनी मात्र फोडू नका.

हिल्सबोरोची पाहुणी

मी नाही, माझ्या आईने. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या केपीटीव्ही वाहिनीवर वर्षानुवर्षं दुपारी बाराला पेरी मेसन लागायचा. आई पहिल्यांदा आमच्याकडे सहा महिने राहिली तेव्हा बाळ झोपायचं बाराच्या सुमाराला. आवाज बंद, खाली अक्षरं. आईचं इंग्रजी मॅट्रिकचं, पण आठवड्याभरात तिचा नियम तयार झाला : ज्याला गोष्टीत काही काम नाही आणि तरी जो रोज कोर्टात येऊन बसतो, तो खुनी. दहातले सहा तरी बरोबर यायचे.

एकच अडचण. इंग्रजीत आँट म्हटलं की आईचं समाधान होत नसे. "आत्या की मावशी की काकू? इस्टेट कुणाकडून येतेय ते कळायला नको?" वारसाहक्कापायी खून पडत असतील तर प्रश्न रास्तच आहे.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. बारा वाजून पाचच मिनिटं झाली असतील, आई हातात डाव घेऊन तशीच आत आली. "अगं, हरला तो!" मी म्हटलं, कालचा भाग पुन्हा लावला असेल, शेवट पाहिलास. तर नाही. आई परत जाऊन बसली ती एक वाजेपर्यंत हलली नाही. आमटी करपली. बाळ उठलं तर खुणेनेच मला म्हणाली, तू बघ.

जुना रेडिओ

अपवाद एकच नाही हो. १९५८ सालच्या 'टेरिफाइड टायपिस्ट'मध्येही ज्यूरीने मेसनच्या अशिलाला दोषी ठरवलं होतं, फक्त तिथे गोम वेगळी आहे. सांगत नाही, धागाकर्त्यांची अट.

कोर्टकचेरी

जिल्हा न्यायालयात सत्तावीस वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक तांत्रिक गोष्ट. मेसनचे बहुतेक भाग पूर्ण खटल्याचे नाहीतच. ती प्राथमिक सुनावणी असते : खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीश बघतात. ज्यूरी नाही, त्यामुळे बारा नटांचा खर्च नाही. 'डेडली व्हर्डिक्ट'मध्ये ज्यूरी आहे, म्हणून तो निकाल एवढा अंगावर येतो. आपल्याकडे ज्यूरीचं नाव काढलं की नानावटी खटला निघतो. १९५९ साली मुंबईत ज्यूरीने नौदल अधिकारी नानावटीला खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली.

दुसरं, उलटतपासणीत साक्षीदार कोलमडतो वगैरे विसरा. आमचा साक्षीदार म्हणतो, "आठवत नाही साहेब." त्याच्यावर चार तारखा जातात. मागच्या बाकावरून उठून "होय, मीच मारलं" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मागच्या बाकावर फार तर कुणाचा तरी मामा पेंगत असतो.

पण या भागातली एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जॅनिसने स्वतःच्या वकिलापासूनच काहीतरी लपवलेलं असतं. माझा पहिला सत्र खटला मी असाच हरलो. अशील म्हणाला होता, त्या रात्री मी गावातच नव्हतो. मी त्यावर सगळा बचाव उभा केला आणि सरकारी वकिलांनी त्याच रात्रीच्या किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचं पान काढलं. सव्वा किलो साखर, खाली याची सही. गेला होता भावाचं भांडण सोडवायला. भावाला सांभाळायचं म्हणून माझ्याशी खोटं बोलला.

शिक्षा सुनावल्यावर त्याची बायको जिन्यापाशी थांबली होती. तीन वर्षं ती दर तारखेला येत होती. मला म्हणाली, "साहेब, आता पुढची तारीख कधीची?"

अर्धवट

@कोर्टकचेरी, अपील केलंत का?

कोर्टकचेरी

केलं. उच्च न्यायालयात शिक्षा कमी झाली. सुटला नाही.

दुपारची झोप

२००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी सोनिया सोतोमायोर यांची सिनेटपुढे सुनावणी झाली, ती मी बॉस्टनला असताना टीव्हीवर पाहिली. लहानपणी पेरी मेसन पाहूनच सरकारी वकील व्हावंसं वाटलं, असं त्या नेहमी सांगतात. सिनेटर अल फ्रँकनने विचारलं, मेसनविरुद्ध दरवेळी उभा राहणारा सरकारी वकील बर्गर जिंकला तो खटला कुठला? त्यांना नाव आठवेना. व्हाइट हाउसने तयारी करून घेतली नाही का, असं त्याने वर चिडवलं. मी सोफ्यावरून ओरडून उत्तर दिलं होतं. नोंद कुठेच नाही.

बर्गरच्या बाजूने

सगळे मेसनचं कौतुक करणार, म्हणून मी बर्गरबद्दल लिहितो. हॅमिल्टन बर्गर. त्याच्या नावावरचा हॅमबर्गर हा विनोद मला तिसऱ्या सीझनला कळला. बिचारा नऊ वर्षं हरकती घेत आणि हरत राहिला. गंमत म्हणजे मेसन करणारा रेमंड बर आधी याच भूमिकेसाठी चाचणी द्यायला आला होता.

विल्यम टॅलमन बर्गर करायचा. मालिका संपल्यावर दोन वर्षांनी त्याला फुप्फुसाचा कर्करोग होता आणि त्याने अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी धूम्रपानाविरुद्ध एक जाहिरात केली. घर दाखवतो, बायको-मुलं दाखवतो. कोर्टातल्या त्या हारी मनाला लागल्या नाहीत, पण आताची लढाई हरायची नाहीये, असं म्हणतो. ३० ऑगस्ट १९६८ला गेला.

माझे काका दिवसाला दोन पाकिटं ओढायचे. पेरी मेसन त्यांनीच मला लावला. ही जाहिरात मी त्यांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "किती बारीक झाला रे हा." मग गॅलरीत गेले. ओढायलाच.

अर्धवट

धागा वाचून काल रात्री हा भाग शोधून पाहिला. हिल्सबोरोच्या आईंचा नियम लावला. माझा अंदाज चुकला. आईंचा बरोबर आला होता का तेवढं सांगा.