शब्दचर्चा : समुद्रतळावरच्या कामाला ‘खाणकाम’ म्हणावे का?

फोंड्याहून
आमच्या मराठी शाळेच्या विज्ञान मंडळासाठी खोल समुद्रातल्या खनिजांवर टिपण लिहिते आहे. दोन शब्दांपाशी अडले. पॉलिमेटॅलिक नोड्यूल्सना, म्हणजे अनेक धातू असलेल्या खनिजांच्या गोळ्यांना, मराठीत काय म्हणावे? आणि ती वर आणण्याला ‘खाणकाम’ म्हणावे का? पाच हजार मीटर खाली, मऊ गाळावर सुटी पडलेली ही खनिजे. खणायचे काहीच नाही, मग ‘वेचणी’ बरे नव्हे का?

वास्कोहून
बाई, ‘बहुधात्विक ग्रंथिका’ नका घालू. ग्रंथी म्हटले की मुलांना लाळग्रंथी आठवणार. ‘खडा’ फार लहान, ‘गोटा’ गुळगुळीत. हे बहुतेक बटाट्याएवढे, काळपट, हाताला खरखरीत. मधोमध शार्कचा दात किंवा तसलाच एखादा कठीण तुकडा असतो आणि त्याच्याभोवती मँगॅनीज, लोह, निकेल, तांबे, कोबाल्ट थराथराने बसत जातात. वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर! कापून पाहिले की एकाबाहेर एक कडी दिसतात. म्हणून मी ‘गाठ’ म्हणेन. गाठ धरते, वाढते. क्रियापदे आयती मिळतात. ‘बहुधातू गाठी’.

टिपणात एक गोष्ट जरूर घाला. गोव्यातल्याच दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘गवेषणी’ जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्रातून पहिल्या गाठी वर काढल्या. त्या कामाच्या जोरावर १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात शोधक्षेत्र मिळाले. आज ते ७५,००० चौरस किलोमीटर आहे. हे आपल्या दारचे काम, आणि मुलांना ठाऊक नसते याचे वाईट वाटते.

डिचोलीहून
गाठी पटले. ‘वेचणी’ला मात्र माझा ठाम विरोध आहे. ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपले) वेचतात, ती वेचणी. इथे तळावर पट्ट्यांवर चालणारे अवजड यंत्र फिरणार, गाठींबरोबर वरचा गाळ ओढून घेणार, मग ते सगळे पाइपातून जहाजावर चढवणार.

आमच्या भागात ‘खाण’ म्हणजे नुसता खड्डा नव्हे. ट्रकांची रांग, मांडवीतल्या बार्जी, डोंगराएवढे डंप, पावसात शेतात उतरणारी लाल माती, हे सगळे त्या शब्दात येते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घराघरातली मिळकत थांबली, तीही त्यातच आली. म्हणूनच हा शब्द हवा. तो ऐकला की गोव्यातले मूल लगेच विचारील, गाळ कुठे जाणार? पेरूजवळच्या समुद्रात १९८९ साली शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता. २०१५ साली परत गेले तर नांगराचे चर तसेच दिसत होते. गाठींना चिकटून स्पंज, प्रवाळ राहतात. गाठ गेली की त्यांचे घरच गेले. एवढे सगळे ‘वेचणी’त मावत नाही.

फोंड्याहून
दादा, मुद्दा पोचला. पण ‘खाणकाम’ वाचून मुलांना ते सुरू झाले असे वाटेल. ‘उत्खनन’ कसे वाटते?

वास्कोहून
‘उत्खनन’ म्हटले की शाळेत मोहेंजोदडो आणि वर्तमानपत्रात चोरटी वाळू. ते नको. शब्द एक ठेवण्यापेक्षा टप्प्यांप्रमाणे तीन ठेवा. गाठी कुठे, किती, हे पाहणे म्हणजे ‘शोध’; त्या शोधक्षेत्रासाठी भारताचा करार सध्या तेवढ्याचाच आहे. यंत्र उतरवून पाहणे ही ‘चाचणी’. २०२१ साली ‘वराह-१’ हे यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले, ती चाचणी. आणि विकण्यासाठी काढणे हे ‘खाणकाम’. ते जगात अजून कुठेच सुरू झालेले नाही, हे वाक्य ठळक लिहा. बॅटरीला निकेल-कोबाल्ट लागते म्हणून घाई आहे, हेही.

फोंड्याहून
तिन्ही घेते. यंत्रामागे उठणाऱ्या गाळाला ‘ढग’ लिहिले आहे, चालेल?

डिचोलीहून
‘लोट’ करा, बाई. ढग वाऱ्याबरोबर निघून जातो असे मुलांना वाटेल. हा गाळ प्रवाहाबरोबर दूरवर जाऊन खाली बसतो, आणि जिथे यंत्र फिरलेच नाही तिथल्या जिवांवरही थर धरतो.