मदत हवी आहे: शाळेच्या लॅबमधलं लिनक्स किती वर्षांनी बदलायचं?

मंडळी, अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत जुन्या पीसींची लॅब आहे, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. आधीच्या सरांनी सगळीकडे उबंटू २३.१० (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून ठेवलंय. ती सहामाही आवृत्ती, सपोर्ट फक्त ९ महिने, जुलै २०२४ लाच संपला, आता अपडेट मारलं की ४०४ (फाईल सापडत नाही) असा एरर येतो. एका मशीनवर सोर्सेस लिस्टमधे (अपडेट कुठून घ्यायचे ती यादी) ओल्ड-रिलीजेसचा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरचा पत्ता टाकून पाहिला, अपग्रेड चालू झालं पण नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं, त्यात लाईट गेली आणि मधेच लटकलं. म्हणून पेनड्राइव्हवरून फ्रेशच टाकणारे, पोरांच्या फाईली कॉपी करून घेतल्यात. विंडोजच्या लायसन्सला पैसे नाहीत.

डोक्यात उबंटू २४.०४ एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेली आवृत्ती) आहे (सपोर्ट २०२९ पर्यंत) नाहीतर डेबियन हे दुसरं लिनक्स, ते साधारण दोन वर्षांनी नवीन येतं आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला तर हलकं चालतं. फेडोरा (आणखी एक लिनक्स) सुचवू नका भो, १३ महिन्यांनी सपोर्ट संपून परत तेच रामायण. लॅबला हात लावायला वेळ मेच्या सुट्टीतच मिळतो आणि तेव्हा इथं ४४ डिग्रीत पत्र्याखाली कोण बसेल!

तर दर दोन वर्षांनी पुढच्या एलटीएसवर अपग्रेड करत राहायचं, की पाच वर्षं फक्त सिक्युरिटी अपडेट घेऊन मग थेट फ्रेश टाकायचं? मधली एलटीएस गाळून अपग्रेड होत नाही हे माहितीय. आणि लिब्रेऑफिस (वर्डसारखं फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर) तेवढी वर्षं जुनंच राहिलं तर बाहेरून आलेल्या मराठी फाईली उघडताना त्रास होतो का, कोणी चालवलंय का असं?