'स्पा टाउन'साठी मराठी शब्द : तीर्थ, उन्हाळे, हमाम की आणखी काही?

परळवासी :
युरोपातल्या स्नानाच्या गावांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि मुख्य शब्दापाशीच अडले आहे. २०२१ साली युनेस्कोनं सात देशांतली अकरा गावं मिळून एक जागतिक वारसा जाहीर केला. त्यात इंग्लंडमधलं बाथ, बेल्जियममधलं स्पा, जर्मनीतली बाडेन-बाडेन, बाड एम्स आणि बाड किसिंगेन, व्हिएन्नाजवळचं बाडेन, फ्रान्समधलं विशी, इटलीतलं मोंतेकातिनी तेर्मे आणि चेकियातली कार्लोव्ही व्हारी, मारियान्स्के लाझ्ने, फ्रांतिश्कोव्ही लाझ्ने ही गावं आहेत. इंग्रजीत या सगळ्यांना 'स्पा टाउन' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत 'स्पा' म्हटलं की मॉलमधलं मसाज पार्लर डोळ्यांपुढे येतं, म्हणून तो शब्द नको आहे.

'स्नाननगरी' लिहून पाहिलं. भारदस्त आहे, पण बोलताना कोणाच्या तोंडी येणार नाही. शिवाय अर्थही पुरा येत नाही. कार्लोव्ही व्हारीत लोक चोचीचा चिनी मातीचा पेला घेऊन खांबांच्या ओवऱ्यांतून फेऱ्या मारतात आणि झऱ्याचं पाणी घोट घोट पितात. बेल्जियमच्या स्पा गावाचं नाव झालं तेही लोहयुक्त, पिण्याच्या पाण्यामुळे. विशीच्या पाण्यातल्या क्षारांच्या तर गोळ्या करून विकल्या गेल्या. म्हणजे आंघोळ हा निम्माच भाग. 'जलोपचार केंद्र' म्हणावं तर गाव नाहीसं होतं, दवाखाना तेवढा उरतो.

आणखी एक. 'स्पा' हे लॅटिन 'सालुस पेर आक्वाम', म्हणजे पाण्यातून आरोग्य, याच्या आद्याक्षरांतून आलं असं ठिकठिकाणी वाचते. हे खरं आहे का?

ठाकुरद्वार :
नाही. 'स्पा' हे सरळ त्या गावाचं नाव. गावाची कीर्ती सोळाव्या शतकापासून बाहेर पसरली, मग इंग्रजांनी आपल्याकडच्या झऱ्यांनाही तेच नाव द्यायला सुरुवात केली. लॅटिनची ती फोड मागाहून बसवलेली आहे, रोमन काळातला तिचा काही पुरावा नाही. कृपया लेखात घेऊ नका, आधीच फार पसरली आहे.

मुंबईकरांना 'बाथ' हा शब्द मात्र वेगळ्या अर्थानं ओळखीचा आहे. गिरगाव चौपाटीजवळचा मफतलाल बाथ, तिकडे ब्रीच कँडीचा स्विमिंग बाथ. आमच्याकडे 'बाथला जातो' म्हणजे पोहायला जातो, साबण-टॉवेलचा संबंध नाही. हा अर्थ थेट विलायतेतून आलेला. तिथे १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा आणि धुलाईघरांचा कायदा झाला. ज्या कामगारांच्या घरात न्हाणी नव्हती त्यांच्यासाठी गावानं कराच्या पैशांतून स्नानगृहं बांधावीत, असा त्याचा हेतू. त्या इमारतींत आंघोळीच्या टबांबरोबर पोहण्याचे हौदही आले आणि पुढे हौदांनाच 'बाथ्स' म्हणू लागले. ही सोय गिरणगावाला किती हवी होती, ते चाळीतल्या मोरीवर पहाटे नंबर लावलेल्यांना विचारा.

'हमाम'ही आपल्याकडे आहेच. शेअर बाजाराशेजारची हमाम स्ट्रीट (कागदोपत्री अंबालाल दोशी मार्ग), टाटा ऑइल मिल्सनं काढलेला हमाम साबण, किल्ल्यांतले आणि वाड्यांतले हमामखाने. अरबीत मूळ धातूचा अर्थ तापणे, उष्ण होणे असा आहे. तरी तुमच्या कामाला हमाम चालणार नाही. हमाम ही बांधलेली वास्तू, तिथे खाली जाळ घालून पाणी आणि हवा तापवावी लागते. रोमन स्नानगृहांचीही रीत तीच होती. विटांच्या ठेंगण्या खांबांवर फरशी उचलून घ्यायची आणि खालून भट्टीची गरम हवा खेळवायची. रोममधलं काराकालाचं प्रचंड स्नानगृह इसवी सन २१६ मध्ये सुरू झालं, तेही लाकडाच्या धगीवरच चालायचं. तुमच्या गावांत पाणी जमिनीतून येताना आपले गुण घेऊन येतं. हा फरक शब्दात यायला हवा.

उन्हाळेकर :
परळवासीताई, यातल्या निम्म्या भागासाठी तरी मराठीत शब्द तयार आहे आणि तो आमच्या गावाचं नाव आहे : उन्हाळे.

संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, त्यावरून मराठी ऊन. पूर्वी मराठीत ऊन म्हणजे नुसता सूर्यप्रकाश नव्हता. 'ऊन ऊन भात', 'ऊन पाणी घे' असं आजही घरोघरी म्हणतात. जमिनीतून ऊन पाणी येतं ते उन्हाळे. ऋतू तो 'उन्हाळा', झरा ते 'उन्हाळे', लिंगच वेगळं. सामान्यरूप एकच होतं, पण घोटाळा होत नाही, कारण आम्ही ऋतूला 'उन्हाळ्यात' म्हणतो आणि झऱ्याला 'उन्हाळ्यावर'. 'सकाळी उन्हाळ्यावर जाऊन आलो' म्हटलं की कोकणात अर्थ स्पष्ट असतो.

कोकणाचा नकाशा काढून बघा. राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. देशावर आणि खानदेशातही तेच : किनवटकडे उनकेश्वर, चोपड्याकडे उनपदेव. कोणी समिती नेमून ही नावं दिली नाहीत, पाण्यात हात घातल्यावर जे जाणवलं ते लोकांनी म्हटलं.

चेक लोकांनीही हेच केलं आहे. 'कार्लोव्ही व्हारी'तल्या 'व्हारी'चा संबंध उकळण्याशी आहे. सम्राट चौथा कार्ल, त्याची उकळती पाणी, असा त्याचा अर्थ. तिथल्या मोठ्या झऱ्याचं पाणी सुमारे ७३ अंशांचं असतं आणि बारा मीटरपर्यंत उसळतं, तेव्हा नाव अगदी सार्थ आहे. जर्मन भाषकांनी त्याच गावाला 'कार्ल्सबाड' म्हटलं, म्हणजे कार्लचं स्नान. एका भाषेनं पाणी पाहिलं, दुसरीनं आंघोळ. चेकियातलंच तेप्लित्से आणि जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी या दोन्ही नावांच्या मुळाशी 'ऊन' हाच अर्थ आहे. तिबिलिसीचं मराठी भाषांतर करायचंच झालं तर ते आमच्या गावाचं नाव होईल, याचा मला फार आनंद वाटतो.

एक भेद मात्र पाळा. आमच्याकडे प्रसिद्ध आहे ती राजापूरची गंगा. ती साधारण दर तीन वर्षांनी अवतरते, चौदा कुंडं भरते आणि जाते. उन्हाळे तिच्या खाली, अर्जुना नदीच्या अंगाला, ते बाराही महिने वाहतं. बाहेरचे लोक दोन्ही एकच समजतात.

बसाल्ट :
उन्हाळे या शब्दाला माझाही पाठिंबा. पण त्यापाठोपाठ 'कोकणात खाली ज्वालामुखी आहे' हे वाक्य येतं, ते येऊ देऊ नका. दख्खनच्या लाव्हाला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, तो केव्हाच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं, म्हणजे दीड-दोन किलोमीटर खाली ते पाणी सहज सत्तरीच्या पुढे जातं. मग एखाद्या मोठ्या भेगेची वाट मिळाली की निवायला वेळ न मिळता वर येतं. पालघरमधल्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत ही उन्हाळी किनाऱ्याला समांतर ओळीनं आहेत, ती अशा भेगांमुळेच. गंधकाचा म्हणून जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पाण्यात तो अगदी थोडा असला तरी नाकाला लगेच कळतो.

बाथचंही गणित हेच आहे. मेंडिप टेकड्यांवरचा पाऊस चुनखडकातून खोल जातो आणि गावात ४६ अंशांवर वर येतो, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. त्या पाण्याबरोबर जे बुडबुडे येतात त्यांत भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना हेलियम सापडला. पुढे रेडियमचा शोध लागल्यावर तर झऱ्यांच्या किरणोत्साराचंच कौतुक सुरू झालं. क्युरी दांपत्यानं १८९८ साली ज्या खनिजातून रेडियम शोधलं ते चेकियातल्या याखिमोव्हच्या खाणीतलं, आणि त्याच गावात १९०६ पासून रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या पाण्याची स्नानं सुरू झाली. या गावाचं जर्मन नाव योआखिम्सथाल. तिथल्या चांदीच्या नाण्याला 'थालर' म्हणत, त्यावरून 'डॉलर' आला. विषयाला सोडून आहे, पण शब्दचर्चेत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईकरांसाठी जवळचं उदाहरण : वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं तानसा नदीच्या काठानं आहेत. त्याच तानसेवर वरच्या बाजूला १८९२ साली पुरं झालेलं धरण आहे, आणि शहरातल्या बादल्या भरणारं पाणी काही अंशी तिथूनच येतं.

वाळकेश्वर :
पाणी कुठून आलं ते कळलं, पण परळवासींचा प्रश्न गावाचा होता. माझं मत 'तीर्थ'.

कारण 'तीर्थ' या एकाच शब्दात न्हाणं आणि पिणं दोन्ही आहे. तीर्थावर जाऊन आंघोळ करतात आणि पळीनं हातावर दिलेलं तीर्थ प्राशन करतात. ज्या अडचणीमुळे 'स्नाननगरी' बाद झाली, ती इथे येतच नाही. आमच्या बाणगंगेचंच बघा : तलाव आहे, पायऱ्या आहेत, भोवती देवळं, धर्मशाळा, दुकानं, वस्ती. एका पाण्याभोवती सगळं गाव जमलेलं. वज्रेश्वरीतही कुंडांना लागून देवीचं मंदिर आहे, १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभं राहिलेलं.

युरोपात देव कुठे, असं कोणी म्हणेल. बाथला रोमन लोक 'आक्वे सुलिस' म्हणत, म्हणजे सुलिस देवीची पाणी. पहिल्या शतकात त्यांनी झऱ्याला लागून तिचं देऊळ बांधलं. झऱ्यात शिशा-कथलाचे लिहिलेले सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. बहुतेक पत्र्यांवर चोरीची तक्रार आहे : आंघोळीला उतरलो तेव्हा माझा झगा कोणीतरी नेला, देवी, त्याला शासन कर. याला कोकणात गाऱ्हाणं घालणं म्हणतात. तेव्हा 'तीर्थ' तिथे उपरं ठरणार नाही.

परळवासी :
वाळकेश्वरकाका, गाऱ्हाणं हा शब्द लेखात नक्की घेणार, त्याबद्दल मनापासून आभार. बाथच्या रोमन भागासाठी 'तीर्थ' मला पटलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या बाडेन-बाडेनला तीर्थ म्हणवत नाही. तिथे जुगारघर होतं, वाद्यवृंद होते, लोक लग्नं जुळवायला आणि राजकारण करायला यायचे. तीर्थाला जाणाऱ्याच्या मनात जे असतं ते तिथे जाणाऱ्याच्या मनात नव्हतं. आणि स्पा, मारियान्स्के लाझ्ने, फ्रांतिश्कोव्ही लाझ्ने इथली पाणी थंड, म्हणून 'उन्हाळे'ही तिथे लागू नाही.

वसईची :
गावाच्या नावाबद्दल सुचवण्यासारखं काही नाही, पण लेखात सरसकट 'आंघोळ' लिहू नका एवढं सांगते. आंघोळ रोजची, अंगावरची. न्हाणं म्हणजे डोक्यावरून, सावकाश, तेल-उटणं लावून. 'आज न्हायले, केस ओले आहेत' यात आंघोळ बसत नाही. बाळंतिणीला न्हाऊ घालतात, आंघोळ घालत नाहीत. आणि मुलीला न्हाण येतं. उपचारासाठी तीन-तीन आठवडे राहून जे करतात ते न्हाणंच.

न्हावी हा शब्दही याच घरातला. पाली भाषेत 'नहापित' म्हणजे न्हावी, मूळ अर्थ न्हाऊ घालणारा. जर्मनीतला 'बाडर'सुद्धा स्नानगृह चालवायचा, दाढी करायचा, रक्तही काढायचा.

पोढी :
पालीचा विषय निघालाच आहे तर 'जन्ताघर' बघा. बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, विहारातल्या उष्ण स्नानाच्या खोलीला हे नाव आहे. चरकसंहितेत घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले आहेत, त्यांतल्या एकाचं नाव 'जेन्ताक'. दोन्ही शब्द एकच असावेत असं काही अभ्यासक मानतात. जेन्ताकाचं वर्णन वाचण्यासारखं आहे. पाणवठ्याजवळ सोळा हात उंच-रुंद गोल घर बांधायचं, भिंतीच्या कडेनं हातभर उंचीचा ओटा, मध्ये भोकाभोकांची झाकणवाली मातीची भट्टी. रोग्यानं तेल लावून आत शिरायचं, ओट्यावर कुशी बदलत पडायचं आणि कितीही घाबरं झालं तरी घाम पुरता निघेपर्यंत ओटा सोडायचा नाही. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला हात लावायचा नाही. फिनलंडच्या सौनाबद्दल लिहिताना हा शब्द हाताशी असावा. टबात बसण्यालाही चरकसंहितेतच 'अवगाह' आहे.

माझं टोपणनाव कान्हेरीच्या लेण्यांतलं. तिथल्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. गडांवर फिरणारे काही लोक आजही टाक्यांना पोढी म्हणतात. दगडी हौदांसाठी वापरून बघा.

परळवासी :
सध्या असं ठरवते आहे : ऊन झरा ते 'उन्हाळे', रोमन बाथ 'तीर्थ', तापवून केलेलं ते 'हमाम', उपचाराचं ते 'न्हाणं'. 'स्पा' फक्त बेल्जियमच्या गावासाठी. सगळ्यांना मिळून शीर्षकात 'उन्हाळ्याची गावं' चालेल का?

उन्हाळेकर :
शीर्षकात नको, लोक मे महिन्याची सुट्टी समजतील. शिवाय थंड पाण्याची गावं वगळली जातील. वर 'झऱ्यांची गावं' ठेवा आणि पहिलं ऊन पाणी जिथे येईल तिथे 'उन्हाळे' लिहा, कंस न घालता. आणि 'उन्हाळ्यामध्ये उतरले' असं नको, 'उन्हाळ्यावर गेले' असंच राहू द्या.