काबो खेळून पाहा ना
मेमरी गेममध्ये पोरंच जिंकतात आन् मोठे बोर होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी काबो हा पत्त्यांचा खेळ खेळून पाहावा. प्रत्येकी चार पत्ते उलटे, सुरुवातीला त्यातले दोनच चोरून बघायचे, मग गड्डीतला एक उचलून बदलायचा नाहीतर टाकायचा, बेरीज सगळ्यात कमी ठेवायची बस. आम्ही साध्या ५२ पत्त्यांवरच खेळतो, एक्का १, राजा १३. सत्ती-अठ्ठी टाकली की आपला एक बघता येतो, नव्वी-दश्शीला दुसऱ्याचा, गुलाम-राणीला न बघता अदलाबदल, आन् खरी भांडणं इथंच! मे महिन्यात नागपूरला दुपारी दुसरं करणार तरी काय, फक्त कूलरसमोर बसू नका, पत्ते उडतात. आमचे आबाजी स्वतःचे पत्ते विसरतात, माझे मात्र पाठ असतात भाऊ.