डिझेल गवत कापायचं मशीन लोडवर गचके खातं, रिकामं मात्र मस्त चालतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, अडीचशेएक कलमं, बरीचशी कातळावर. गणपती झाले की गवत कमरेएवढं होतं आणि ते वाळायच्या आत काढलं नाही तर पुढे वणव्याची धास्ती, शिवाय मोहराच्या फवारणीला पाइप ओढत फिरणं मुश्कील. गडी मिळत नाहीत म्हणून तीन वर्षांपूर्वी मागून धरून चालवायचं मशीन घेतलं, एक सिलिंडर, एअर कूल्ड, ९ एचपीचं डिझेल इंजिन, खाली बेल्टवर पातं.

आता प्रॉब्लेम असा की सकाळी दुसऱ्या दोरीत चालू होतं, रिकामं ठेवलं तर अर्धा तास ठेवा काही म्हणत नाही, पण गवतात घातलं की पहिली दहा-बारा मिनिटं एकदम झकास आणि मग आवाज बसतो, भुर्र भुर्र करत वरखाली होतं, लिव्हर पूर्ण ओढला तरी चढत नाही आणि पात्याचा क्लच सोडला की लगेच सावरतं. बंद करून चहा पिऊन आलो की परत दहा मिनिटं छान. एवढा चहा तर मी गड्यांना पण देत नाही.

धुराबद्दल कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, काळा धूर नाही. गचके खाताना धूर जवळपास दिसतच नाही, सावरताना एखादा पांढरट झोत येतो.

आत्तापर्यंत एअर फिल्टर नवीन टाकला, ऑइल बदललं, पात्याला धार लावली, बेल्ट ताणून बघितला, सिलिंडरच्या फिन्समध्ये गवताचा भुसा अडकला होता तो ब्रशने काढला. टाकीच्या तोंडाशी डिझेल ओततो तिथली जाळी पण धुतली. फरक शून्य. तालुक्याला एका मेकॅनिककडे नेलं तर त्याने एकही नट न खोलता "पंप आणि नोझल दोन्ही बदला" सांगितलं, म्हणजे इंजिनात डिझेल ढकलणारा पंप आणि ते आत फवारणारं तोंड, साडेचार हजार. खर्च करायला ना नाही पण आधी खात्री हवी. पावसाळाभर मशीन मांगरात (बागेतल्या खोपटात) उभं होतं, टाकीत अर्धं डिझेल तसंच होतं. कोणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद १

दादा, पंप-नोझल थांबवा. नोझल गळत असतं किंवा हवा कमी पडत असती तर लोडवर काळा धूर ओकला असता. तुमचं उलट आहे, इंजिन उपाशी मरतंय. रिकामं चालताना डिझेल चमचाभर लागतं, ते चोंदलेल्या वाटेतून पण पुरतं. लोड आला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) पंपाकडून जास्त मागतो, नळीत आणि फिल्टरमध्ये साठलेलं असतं तोवर चालतं, ते संपलं की गचके. तुम्ही चहाला गेलात की तो साठा हळूहळू परत भरतो. नोझल खराब असतं तर ते चहा प्यायल्याने सुधारलं नसतं ना.

पंपाजवळची टाकीकडून येणारी नळी काढा, बाटलीत सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. धार सुरुवातीला जाड आणि नंतर दोऱ्यासारखी झाली तर दोष पंपाच्या आधी आहे. पंप ते नोझलचा स्टीलचा पाइप मात्र उगाच सैल करू नका आणि चालू इंजिनवर तिथे हात तर अजिबात नको, ते प्रेशर कातडीत डिझेल घुसवतं.

प्रतिसाद २

रे बाबा, आधी टाकीचा झाकण सैल करून चालव, मगे बाकीचा बघ. माझ्या मशीनचा झाकणाचा भोक कुंभारीण माशयेन मातयेन बुजवल्यान होता, टाकीत हवा जाय नाय म्हणान डिझेल उतरा नाय. मी दोन दिवस इंजिन खोलून बसलंय!

धागाकर्ता

झाकण काढून चालवलं, तेराव्या मिनिटाला परत तेच. (कुंभारीण आमच्याकडे प्लगच्या सॉकेटमध्ये घर करते, त्यामुळे शंका मलाही होती.) मग नळी काढून धार बघितली, अगदी प्रतिसाद १ म्हणतात तशीच, आधी करंगळीएवढी, दोन मिनिटांनी थेंब थेंब. पण जाळी तर मी धुतली होती?

प्रतिसाद १

ती वरची जाळी काडीकचऱ्यासाठी. असल्या बऱ्याच इंजिनांना खरा फिल्टर टाकीच्या आत तळाशी असतो, कॉकजवळचे नट काढले की खाली येतो. खूप जणांना तो आहे हेच माहीत नसतं.

धागाकर्ता

दादा, होता! टाकी रिकामी करून खालचे नट काढले तर फिल्टर हाताला बुळबुळीत लागला, वर काळपट साय, विहिरीच्या पायरीवर पावसात शेवाळ धरतं ना तशी, आणि काढलेल्या डिझेलच्या तळाशी बोटभर पाणी. फिल्टर १८० रुपयांना मिळाला, टाकी थोड्या ताज्या डिझेलने दोनदा खंगाळली, नळीची हवा काढली. काल सलग पन्नास मिनिटं खालचा अख्खा टप्पा कापला, एकदाही गचका नाही. साय नेमकी कशाची असते? आणि काढलेलं सहा लिटर डिझेल परत वापरू का?

प्रतिसाद १

अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी हवा, आणि आपल्याकडची पावसाळ्यातली हवा म्हणजे निम्मं पाणीच. ते आत धरतं, तळाशी बसतं आणि पाणी-डिझेल मिळतं तिथे जंतू-बुरशी वाढते. पुढच्या वर्षी जूनच्या आधी टाकी काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी. आणि ते सहा लिटर मशीनमध्ये नको, गाळलंत तरी नको. नवा फिल्टर पण दोन तीन आठवडे लक्षात ठेवून एकदा खोलून बघा, टाकीच्या कोपऱ्यात राहिलेलं सुटून येतं.

प्रतिसाद २

आणि त्या मेकॅनिकाक एक डबो भरून ती साय पाठव.